वाचकांचे प्रश्न : मौन प्रार्थनेला बसताना

या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात. मागण्या मांडून झाल्या, उपकारस्तुती झाली, शब्द संपले. आता देवासमोर नुसते बसायचे म्हणजे नेमके काय करायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण बाकीच्या अनेक प्रश्नांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : सहा महिने झाले, रोज पहाटे वीस मिनिटे मौन प्रार्थनेला बसतो. मन वीस सेकंदही टिकत नाही. राहिलेली कामे, जुनी भांडणे, सगळे नेमके तेव्हाच आठवते. काही माणसांना ही प्रार्थना जमतच नाही, असे असते का?

सहा महिने रोज बसता आहात, म्हणजे ती जमते आहे. आविलाची तेरेसा (१५१५–१५८२) हिला प्रार्थनेच्या वाटेवरची गुरू मानतात. तिनेच लिहून ठेवले आहे की कित्येक वर्षे तिचे लक्ष प्रार्थनेत कमी आणि तास कधी संपतो, घड्याळाचा ठोका कधी पडतो याकडे जास्त असे. जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) यांचा सल्ला असा, की मन निघून गेले तर त्याला हळूच परत आणून प्रभूजवळ बसवावे. तासभर दुसरे काही झाले नाही, मन पळत राहिले आणि तुम्ही ते परत आणत राहिलात, तरी तो तास सत्कारणी लागला.

तेव्हा मन किती वेळा गेले याचा हिशोब सोडा. ते परत कसे आणता, तिकडे बघा. बहुतेकांचे चुकते ते तिथे.

परत येण्यासाठी एक लहान शब्द हाताशी ठेवावा. ‘येशू’, ‘अब्बा’ (म्हणजे ‘बापा’), ‘प्रभू’ यांपैकी कोणताही चालेल. चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या एका अनामिक लेखकाने एकाच अक्षराचा शब्द सुचवला होता. शब्द जितका आखूड तितके मन त्याच्या अर्थावर कमी रेंगाळते. विसाव्या शतकात या शब्दाच्या वापराच्या दोन पद्धती रूढ झाल्या. अमेरिकेतल्या स्पेन्सर येथील ट्रॅपिस्ट मठातून १९७०च्या दशकात पुढे आलेल्या पद्धतीत शब्द सतत म्हणायचा नसतो. आपण विचारामागे गेलो हे लक्षात आले की तो एकदा मनात आणायचा आणि पुन्हा गप्प बसायचे. बेनेडिक्टिन संन्यासी जॉन मेन (१९२६–१९८२) यांच्या पद्धतीत मात्र ‘मारानाथा’ (म्हणजे ‘प्रभू, ये’) हा शब्द मा-रा-ना-था अशा चार सारख्या ठोक्यांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात म्हणत राहायचे. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. आज एक, उद्या दुसरी, किंवा बसल्या जागीच शब्द बदलणे, हे मात्र टाळा. मग ‘यातला कोणता बरा’ हाच एक नवा विचार होऊन बसतो. एक पद्धत, एक शब्द, निदान तीन महिने.

आता परतताना होणाऱ्या चुका. पहिली म्हणजे स्वतःवर खेकसणे: ‘पुन्हा गेलास!’ तो रागही विचारच, आणि आधीच्या विचारापेक्षा चिवट. दुसरी, हा विचार आला कुठून याचा माग काढत बसणे. तिसरी चूक शरीरात दिसते. शब्द जोर लावून म्हटला जातो, कपाळ आवळते, दात एकमेकांवर रुततात, आणि वीस मिनिटांनी डोके दुखते. डोके दुखत असेल तर शब्द तुम्ही हातोड्यासारखा वापरता आहात. तो दारावरच्या हलक्या टकटकीसारखा असावा.

कामे फारच आठवत असतील तर बसण्याआधी दोन मिनिटे कागद घेऊन सगळी लिहून काढा. विसरण्याची भीती गेली की ती पुन्हा पुन्हा डोकावत नाहीत. सर्वांत फसवे विचार मात्र ‘चांगले’ असतात: वचनाचा अचानक उलगडलेला अर्थ, रविवारच्या उपदेशासाठी सुचलेला मुद्दा, आणि ‘आता किती शांत वाटते आहे’ ही स्वतःवर ठेवलेली नजर. तेही जाऊ द्या. मुद्दा खरोखर मोलाचा असेल तर तो वीस मिनिटांनंतरही आठवतो.

प्रश्न : एकच शब्द किंवा ओळ पुन्हा पुन्हा म्हणणे म्हणजे मत्तय ६:७ मधली ‘व्यर्थ बडबड’ नव्हे का?

तेच वचन शेवटपर्यंत वाचा. पुष्कळ बोलण्यामुळे आपले ऐकले जाईल, ही समजूत प्रभूने तिथे नाकारली आहे. पुनरुक्ती स्वतःच दोषी असती तर ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद सव्वीस वेळा घेणारे स्तोत्र १३६ पवित्र शास्त्रात आले नसते, आणि गेथशेमाने बागेत स्वतः येशूने तिसऱ्यांदा ‘त्याच शब्दांत’ प्रार्थना केली नसती (मत्तय २६:४४). अमुक हजार वेळा म्हटले की अमुक पदरात पडेल असा सौदा डोक्यात शिरला, तर मात्र ते वचन तुम्हालाच उद्देशून आहे असे समजा.

पूर्वेकडील मंडळ्यांत शतकानुशतके चालत आलेली येशूची प्रार्थना अशी: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ तिचे मूळ लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराच्या आणि आंधळ्याच्या हाकेत आहे. ती गाठी मारलेल्या दोरीवर म्हणतात. ३३, ५० किंवा १०० गाठींच्या दोऱ्या सर्रास वापरात असतात. गाठी हाताला काम देतात आणि मोजण्यापासून डोके मोकळे ठेवतात. श्वास घेताना पहिला अर्धा भाग आणि सोडताना दुसरा, असेही काही जण म्हणतात. तसे करायचे तर श्वास आपल्या लयीत चालू द्यावा आणि शब्दांनी त्याच्यामागून जावे. शब्दांसाठी श्वास ओढून-ताणून खोल केला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरते, बोटांना मुंग्या येतात. त्याला आत्म्याचा स्पर्श समजू नका. थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

प्रश्न : पवित्र शास्त्र रोज वाचते, वर्षभरात पूर्ण करण्याचा आराखडाही पाळते. पण ‘वचनावर मनन करा’ म्हणतात ते जमत नाही. किती ओव्या घ्याव्यात आणि पुढे काय करावे?

वर्षभराचा आराखडा चालू ठेवा, पण मननाची वेळ त्याहून वेगळी ठेवा. आराखड्याला उद्याच्या पानाची घाई असते, आणि मननाला घाई चालत नाही. पाच ते दहा ओव्या पुष्कळ झाल्या. कधी एक ओळ पुरते.

स्तोत्र १ मधला धन्य पुरुष रात्रंदिवस मनन करतो. तिथल्या मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ पुटपुटणे, गुणगुणणे असा आहे, आणि यशया ३१:४ मध्ये तेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आले आहे. म्हणजे मनन तोंडाने सुरू होते. मोठ्याने, निदान ओठ हलवून वाचा. बाराव्या शतकातले कार्थुसियन मठाधिपती दुसरे ग्विगो यांनी याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द दर्शन. त्या मार्क १०:४६–५२ या आंधळ्या बार्तीमयाच्या सात ओव्यांवर करून पाहा.

पहिली पाच मिनिटे उतारा दोनदा सावकाश वाचा. दुसऱ्या वेळी जो शब्द अडवील तिथे थांबा. समजा, ‘मी तुझ्यासाठी काय करावे म्हणून तुझी इच्छा आहे?’ या प्रश्नाने अडवले. पुढची सातेक मिनिटे तो प्रश्न मनात घोळवा. आंधळ्याला काय हवे ते उघड दिसत असताना येशूने का विचारले? आज त्याने मला विचारले तर खरे उत्तर काय, आणि मी सभ्यपणे कोणते उत्तर देईन? या दोन उत्तरांत अंतर सापडले की तिसरी पायरी आपोआप येते: जे खरे आहे ते पाच मिनिटे त्याच्याशी बोला. शेवटची तीन-चार मिनिटे काहीही न बोलता त्याच्यासमोर बसा. पायऱ्यांचा क्रम लोखंडी नाही. वाचतानाच प्रार्थना सुरू झाली तर उतारा तिथेच राहू द्या.

हे बिघडते ते बहुधा तीन कारणांनी. बार्तीमयाने टाकलेल्या झग्याविषयी माहिती शोधण्यासाठी टीकाग्रंथ उघडला जातो. तो अभ्यास झाला, चांगला अभ्यास, पण त्याची वेळ दुसरी. किंवा हे वचन अमक्याला ऐकवलेच पाहिजे असे वाटू लागते. किंवा फोनवर वाचताना वरून एक संदेश सरकतो आणि सगळे विस्कटते. मननासाठी छापील शास्त्र वापरा, हा आमचा आग्रह आहे.

प्रश्न : डोळे मिटले की झोप लागते. देवासमोर झोपणे म्हणजे अनादर वाटतो.

आधी झोप पुरेशी घ्या. रोज पाच तास झोपणाऱ्याला शांत जागी बसवले तर शरीर आपली थकबाकी वसूल करणारच. झोप पुरेशी असूनही पेंग येत असेल तर अंथरुणावर बसू नका. सरळ पाठीची खुर्ची घ्या, पावले जमिनीला टेकवा, हात मांडीवर ठेवा, डोळे अर्धवट उघडे ठेवून समोर दोन-तीन फुटांवर जमिनीकडे पाहा. जेवणानंतर निदान तासभर जाऊ द्या. तरीही पेंग आली तर उभे राहा किंवा सावकाश चालत प्रार्थना करा. आणि डोळा लागलाच, तर जाग आल्यावर अपराधी वाटून घेऊ नका. शब्द उचला आणि पुढे चला.

प्रश्न : घरात दोन लहान मुले, आजारी सासूबाई, शिवाय नोकरी. ‘दिवसातून दोनदा वीस मिनिटे बसा’ म्हणतात, ती कुठून आणू? माझ्यासारखीला लूकच्या शुभवर्तमानातली, घरकामातच गुंतलेली मार्थाच राहावे लागणार का?

नाही. आणि सध्याच्या दिवसांत दोनदा वीस मिनिटे हे मापही तुमच्यासाठी नाही. ते मन लावून पाळायला गेलात तर प्रार्थनेमुळे घरावर चिडचिड सुरू होईल.

एकदाच बसा, सात मिनिटे. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा: मुले शाळेत गेल्यावर लगेच, किंवा कामावर पोहोचल्यावर आत शिरण्याआधी. ‘वेळ मिळाला की’ असे ठरवले तर तो मिळत नाही. मूल मध्येच हाक मारील. उठा, त्याच्याकडे जा, आणि परत आल्यावर उरलेली मिनिटे बसा. गेलेली भरून काढू नका.

बाकीच्या दिवसासाठी जुनी सोय आहे. इजिप्तमधल्या संन्याशांच्या प्रार्थना वारंवार, पण बाणासारख्या झटकन सोडलेल्या असतात, असे ऑगस्टीनने एका पत्रात लिहिले आहे. लांबवल्या की लक्ष बोथट होते, म्हणून आखूड. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियनने यासाठी स्तोत्र ७० ची पहिली ओवी नोंदवली: देवा, मला सोडवायला ये, परमेश्वरा, माझ्या साहाय्यासाठी त्वरा कर. अशी एक ओळ निवडून तीन-चार ठरावीक कामांना जोडा. नळ उघडताना, जिना चढताना, सासूबाईंना औषध देताना. सगळ्या दिवसाला जोडायला गेलात तर दुपारपर्यंत विसराल. तीन कामांना जोडलीत तर महिन्याभरात ती न बोलावता येईल. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स यांनी अनेक वर्षे स्वयंपाकघरात राबून हेच केले. भांडी वाजत असताना, चार जण चार गोष्टी मागत असतानाही देवाची सोबत सुटत नाही, असे ते सांगत. पण ती सवय जडायला त्यांनाही वर्षे लागली.

प्रश्न : ध्यान म्हणजे मन रिकामे करणे, आणि रिकाम्या मनात सैतान शिरतो, असे आम्हाला सांगितले आहे. ख्रिस्ती माणसाने हे करावे का?

ही काळजी उडवून लावण्यासारखी नाही. पण ख्रिस्ती मौन प्रार्थनेत मन रिकामे करणे हा हेतूच नसतो. समोर कोणीतरी आहे, त्याच्यासाठी आपण बोलणे थांबवतो. आईच्या मांडीवर निवांत पडलेल्या दूध तुटलेल्या बाळासारखा माझा जीव आहे, असे स्तोत्र १३१ म्हणते. बाळाचे मन रिकामे नाही, त्याला आई मिळाली आहे. बसण्याची पद्धत, श्वास, शांतता यांचा उपयोग तयारीपुरता. त्यातून येणारे हलकेपण म्हणजेच पवित्र आत्म्याची कृपा असे धरून चालू नये, असा इशारा रोमच्या विश्वासविषयक मंडळाने १९८९ साली ख्रिस्ती ध्यानाविषयीच्या पत्रात दिला आहे. तो प्रॉटेस्टंट वाचकांनीही मनावर घ्यावा असा आहे. प्रत्येक बैठकीची सुरुवात येशूचे नाव घेऊन एका वाक्याने करा, आणि वचनवाचन व मंडळीची उपासना सोडून नुसते मौन धरू नका. मौन एकटे पडले की ते हळूहळू स्वतःच्याच मनाची करमणूक होते.

प्रश्न : रात्री दिवसाचे आत्मपरीक्षण करतो. शेवटी पापांची यादीच हाती येते आणि झोप उडते.

तुमचा क्रम उलटा झाला आहे. येशूसंघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस याने सांगितलेल्या पाच टप्प्यांत पापांचा शोध तिसरा येतो. पहिला आभाराचा, दुसरा प्रकाश मागण्याचा. मग दिवसाची उजळणी, मग क्षमा, आणि शेवटी उद्यासाठी एक निश्चय. सगळे मिळून दहा ते पंधरा मिनिटे.

आभार मोघम नकोत. ‘आजच्या दिवसाबद्दल’ असे म्हणू नका. आजच घडलेल्या तीन गोष्टी नाव घेऊन सांगा. दुसऱ्या टप्प्यावर ‘प्रभू, तू जे दाखवशील तेवढेच मला पाहू दे’ असे मागा. हे मागणे सोडले की आपणच आरोपी आणि आपणच फिर्यादी होतो. उजळणी तास-तास करत सकाळपासून आत्तापर्यंतची करा, आणि ‘मी काय चुकलो’ याच्याआधी ‘देव आज कुठे जवळ होता, मी कुठे तोंड फिरवले’ हे विचारा. क्षमेसाठी एकच प्रसंग घ्या, सर्वांत ठळक. निश्चयही एकच, आणि उद्या करता येईल असा: ‘नम्र होईन’ असा नको, ‘सकाळी भावाला फोन करून कालच्या बोलण्याची माफी मागेन’ असा हवा.

अंथरुणात पडून हे करू नका. संध्याकाळच्या जेवणाआधी करा. आणि एकदा कबूल केलेले पाप क्षमा झाले की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा उकरले जात असेल, तर तो विवेकबुद्धीचा आजार आहे, भक्ती नव्हे. इग्नेशियसलाही मानरेसा गावी १५२२ साली याने फार छळले होते. अशा वेळी आत्मपरीक्षण काही आठवडे पूर्ण थांबवा, फक्त आभाराचा टप्पा ठेवा, एकाच विश्वासू पाळकाचा किंवा फादरांचा सल्ला घ्या आणि तो पाळा. त्याने न थांबल्यास मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. यावर उपचार आहेत.

प्रश्न : पूर्वी प्रार्थनेत डोळे भरून येत. गेले आठ महिने काहीच जाणवत नाही. वचन कोरडे, गीते कोरडी. देवाने मला सोडले का?

आधी साध्या कारणांकडे पाहा. झोप, आजारपण, घरातला मृत्यू, अतिकाम. कोणाशी अबोला आहे का? वेदीपाशी आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूने म्हटले आहे (मत्तय ५:२३–२४). न मिटवलेले भांडण प्रार्थना सुकवते. यातले काही असेल तर उपाय तिथे आहे.

यातले काही नसेल तर क्रूसभक्त योहान (१५४२–१५९१) यांच्या तीन खुणा लावून पाहा. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण इतर गोष्टींतही नाही. आपण देवापासून दूर तर जात नाही ना याची आत टोचणी आहे. आणि पूर्वीसारखे कल्पनेने, विचाराने मनन करता येत नाही. तिन्ही एकत्र असतील तर देव तुम्हाला भावनांच्या आधाराशिवाय चालायला शिकवतो आहे, असे ते सांगतात. तुम्ही घाबरून हा प्रश्न विचारला, ही दुसरी खूणच आहे; ज्याला देवाचे काही वाटत नाही तो आठ महिने हे मोजत नाही. अशा वेळी जुने अश्रू परत आणण्याची खटपट करू नका. भावना उसवणारी गीते लावून त्या येतील, पण प्रार्थना येणार नाही. थोडे वाचा, जास्त वेळ गप्प बसा, ‘मी इथे आहे, तूही आहेस’ एवढे पुरे. इग्नेशियसचे दोन नियम इथे फार कामाचे आहेत: कोरड्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा किंचित जास्त बसावे. वीसची एकवीस मिनिटे, एवढेच.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदासी असेल, भूक आणि झोप बदलली असेल, कशातच रस उरला नसेल, जगणे नको वाटत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा. नैराश्य आणि आत्मिक कोरडेपणा बाहेरून सारखे दिसतात आणि एकाच माणसाला एकाच वेळी होऊही शकतात. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

प्रश्न : मौनात बसल्यावर लहानपणचे वाईट प्रसंग वर येतात, अंग थरथरते. सहन करून बसून राहावे का?

नाही. डोळे उघडा, पावले जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घ्या, मग स्तोत्र २३ मोठ्याने म्हणा. नुसते जुने दुःख आठवून डोळे ओले होत असतील तर ते येऊ द्यावे; पण थरकाप, श्वास कोंडणे, प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटणे, ही जखम एकट्याने मौनात उघडायची नसते. समुपदेशकाची मदत घ्या. तोवर मौन थांबवून तोंडी प्रार्थना, गीत, सामुदायिक उपासना एवढ्यावर राहा. ती कमी दर्जाची प्रार्थना नव्हे.

प्रश्न : गजर वाजला की दचकते, आणि उठल्यावर पहिल्याच माणसावर डाफरते. हे कसे?

मौनातून एकदम उठल्यामुळे. फोन विमान स्थितीत टाकून पालथा ठेवा, गजराचा आवाज हळू वाढणारा निवडा. तो वाजल्यावर शब्द सोडा, पण दोन मिनिटे तशाच बसा. मग प्रभूची प्रार्थना नेहमीच्या निम्म्या वेगाने, ओठ हलवत म्हणा. डोळे उघडा, हात-पाय ताणा, उभ्या राहा. आणि त्यानंतर लगेच संदेश बघू नका. पहिली दहा मिनिटे एखादे हाताचे काम करा.